कोंबडीकाकूंची रिकामी टोपली

सायकलवाल्याचं दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला फळ्यांचं दार, दाराशी पंप, भिंतीवर टांगलेले जुने टायर आणि मधोमध पाण्याचं घमेलं. पंक्चर झालेली ट्यूब त्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे खूण करायची. हे काम त्याने इतकी वर्षं केलं होतं की बोटांच्या सुरकुत्यांतला काळेपणा साबणाने जायचं आता नावच घेत नसे. दुकानामागे दोन खोल्या, खोल्यांमागे परस, आणि परसात बायकोचं राज्य.

राज्यात प्रजा सहाच, पण बाणेदार. एक काळी, एक ठिपक्यांची, एक पाय किंचित ओढणारी, दोन तांबड्या, ज्यांच्यातला फरक फक्त बायकोला कळायचा, आणि एक भांडखोर, जी दुसरीला टोचल्याशिवाय दाणा गिळत नसे. गल्लीत बायकोला सगळे कोंबडीकाकू म्हणत. कोणाला खोकला झाला, कोणाच्या लेकीला दिवस गेले, कोणाकडे अचानक पाहुणे आले, की मागच्या दाराने काकूंकडे अंड्यांसाठी वाटी घेऊन यायचं. सायकलवाल्याला कोंबड्यांतलं काही कळत नसे. खुराड्यात त्याने उभ्या जन्मात हात घातला नव्हता. तो गिऱ्हाइकांना सांगायचा की घरातल्या कोंबड्या मला ओळखतसुद्धा नाहीत, समोर गेलो की उधारीवाला आल्यासारख्या पळतात.

बायकोच्या विसरण्याची सुरुवात झाली तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं. चहात दोनदा साखर पडली, एकदा अजिबातच पडली नाही. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. मग ती एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना वळण चुकली आणि पलीकडच्या रस्त्यावर कोणाच्या तरी पायरीवर बसून राहिली, तेव्हा मात्र तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, आणि तिला बाहेर बाकावर बसवून त्याला समजावलं. हे बरं होणारं नाही, हळूहळू वाढत जाईल. मात्र हाताची जी कामं तिला अजून जमतात ती करू द्या. काम सुटलं की माणूस लवकर सुटतो, असं ते म्हणाले. सायकलवाल्याने तेवढं एक वाक्य घट्ट धरलं. तिला जमणारं काम एकच उरलं होतं, आणि ते परसात होतं.

थंडी सुरू झाली आणि अंडी कमी झाली. आधी कमी, मग एखाददुसरं, मग काहीच नाही.

सकाळी उठल्यावर बायको पदर खोचायची, टोपली घ्यायची आणि खुराड्याकडे जायची. गवत चाचपायची. मग रिकामी टोपली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, आज एकही नाही. असं कधी झालं नव्हतं."

काल झालं होतं, परवाही झालं होतं. पण तिच्यासाठी रोज पहिलाच दिवस असायचा. रोज तोच धक्का, चेहऱ्यावर तीच काळजी, रोज तोच प्रश्न, आपलं काही चुकलं का? पहिल्यांदा त्याने सांगून पाहिलं की अगं, किती दिवस झाले, देतच नाहीत त्या. तर ती अशी कावरीबावरी झाली, की इतके दिवस मला कसं कळलं नाही म्हणून डोकं धरून बसली. त्यानंतर तो तेवढंच म्हणायचा, "असेल, उद्या देतील."

पण उद्या उजाडायचा आणि टोपली रिकामीच यायची. तेव्हा त्याने ठरवलं की याचा छडा लावायचा. त्याच्या धंद्यात एक बरं होतं. हवा जाते आहे म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि ते शोधलं की सापडतं. कोंबड्यांचंही तसंच काहीतरी असणार.

पहिला संशय त्याने मांजरावर घेतला. मास्तरीणबाईंचं, म्हणजे शेजारच्या निवृत्त शिक्षिकेचं, एक बोकेराव मांजर भिंतीवरून ये-जा करायचं. त्याने खुराड्याच्या जाळीची भोकं सायकलच्या जुन्या तारांनी शिवून टाकली. अंडी नाहीत ती नाहीतच. मग त्याला वाटलं, कोंबड्या दुसरीकडेच कुठे चोरून घालत असतील. गुडघे मोडत तो परसभर रांगला, लाकडांच्या मागे, पडक्या पिंपात, भिंतीच्या कडेला वाढलेल्या गवतात. एक हरवलेला चमचा मिळाला आणि मुलीची लहानपणची एक चप्पल. अंडं काही मिळालं नाही.

दाणेवाल्याकडे गेला तर त्याच्यापाशी कारणांची रासच होती. दिवस लहान झाले की कोंबडी थांबते, उजेड कमी पडतो तिला. जुनी पिसं गाळून नवी येत असली तरी थांबते, सगळी ताकद पिसांत जाते. अंडी उबवायला खुडूक होऊन बसली तरी थांबते. खुराड्यात बारीक लाल किडे झाले की त्यांच्या चावण्यानेच ती बेजार होते. पाणी कमी पडलं, कुत्र्याने भेडसावलं, नाहीतर नुसतं वय झालं, तरीही तेच. सायकलवाला ऐकता ऐकता गोंधळून गेला. दाणेवाल्याने त्याला अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा बांधून दिला आणि दाण्याची पिशवी काट्यावर ठेवत गमतीने म्हणाला, की अंडी नाहीत म्हणता आणि दाणे तर पूर्वीपेक्षा लवकर संपवता, नक्की कोण खातंय? सायकलवाला हसला आणि पिशवी सायकलला अडकवून निघाला. ते बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं.

मग त्याने एकेक उपाय करायला घेतला. खुराड्याला चुना मारला, काठ्या घासून उन्हात टाकल्या, गवत बदललं, लोळायला राखमाती पसरली. दुकानातून वायर ओढून पहाटेसाठी एक दिवा टांगला. तो बायकोने दोनदा बंद केला, दिवसाढवळ्या दिवा कोणी लावला म्हणून त्याच्यावरच करवादली. पिसं बघितली तर ती जागच्या जागी, चकचकीत. कोणी खुडूक झालेली नव्हती. किडे नव्हते. पाण्याचं भांडं तो स्वतः भरत होता. कोंबड्या दिसायला तर मजेत होत्या. नुसत्या सावलीत बसून असायच्या, हलायला तयार नसायच्या, लग्नघरी जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारख्या.

शेवटी त्याने हात टेकले आणि जिला खरंच कळत होतं तिलाच विचारायचं ठरवलं. दुपारच्या वेळी ती जरा भानावर असायची. त्याने काळी कोंबडी कशीबशी पकडली, दोनदा ती हातातून निसटली, आणि तिला बायकोच्या मांडीवर दिली.

"बघ गं जरा. हिचं काय बिनसलंय?"

तो बघतच राहिला. सकाळी जिला स्वतःच्या लेकीचं गाव आठवलं नव्हतं, तिच्या हातांनी कोंबडी अशी उलटी करून धरली की ती पाखराच्या पिल्लासारखी निवांत झाली. तुरा पाहिला, डोळे पाहिले, पंख उचलून खाली फुंकर मारली. शेपटीखाली बोटं टेकवली.

"इथे दोन हाडं असतात," ती त्याला सांगू लागली, अगदी पूर्वीच्या आवाजात. "देणारी असली की मध्ये दोन-तीन बोटं मावतात. हिची बघा, एक जात नाही. आणि हे पोट." तिने त्याचा हात धरून कोंबडीच्या पोटावर ठेवला. "मऊ लागायला हवं. हे घट्ट आहे. नुसती चरबी आहे. चरबी आतून दाबते, मग अंडं कुठून होणार?"

"म्हणजे करायचं काय?"

"करायचं काय, खाणं कमी करायचं. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ, मध्ये पालापाचोळा. फिरू द्यायचं, उकरू द्यायचं. महिन्या-दीड महिन्यात उतरते." तिने काळीला जमिनीवर सोडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण हिला इतकं घालतंय कोण? जो घालतोय त्याला सांगा हो. मारून टाकेल तो माझ्या कोंबड्या."

दाणेवाल्याचं बोलणं आता सायकलवाल्याला आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने एक वाकडं चाक दुकानातून मागच्या दारात आणलं आणि तिथेच बसून त्याच्या तारा कसायला घेतल्या, मान खाली, लक्ष परसात. बायको आली. डबा उघडला, मूठ भरली, जिभेने टक-टक आवाज करत कोंबड्यांना बोलावलं, दाणे पसरले, पाय ओढणारीच्या पुढ्यात वेगळे टाकले कारण तिला भांडखोर खाऊ देत नाही. झाकण लावलं. आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, कोंबड्यांकडे पाहून म्हणाली, "अगंबाई, तुम्ही उपाशीच का गं?" आणि डबा उघडला. टक-टक. पाय ओढणारीच्या पुढ्यात वेगळे. झाकण. पुन्हा आत. चाक सरळ होईपर्यंत हे किती वेळा झालं ते त्याने मोजायचं सोडून दिलं. दर वेळी तेवढीच माया, दर वेळी तीच घाई, की आज उशीर झाला बिचाऱ्यांना.

भोक सापडलं होतं. पण त्यावर लावायला त्याच्याकडे ठिगळ नव्हतं.

त्याने सांगून पाहिलं. ती शहाण्यासारखी मान डोलावायची, "हो का, मी घातलं का? बरं बरं," आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ते पुसलं गेलेलं असायचं. दाण्यांत त्याने भुसा आणि चिरलेला पाला मिसळून पाहिला. तिने मूठ भरली आणि तशीच थांबली. वजन हाताला कळलं. "हे दाणे नाहीत," म्हणाली आणि सगळा डबा कचऱ्यात ओतून आली. डबा उंचावर ठेवला तर ती स्टुलावर चढली, आणि त्याने धावत जाऊन तिला खाली उतरवलं. तेव्हा त्याने डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

त्या दिवशी तो दुकानात ट्यूब घासत असताना ती आतून आली. केस सुटलेले, हात पदरात गुंडाळलेले. त्याच्याकडे तिने पाहिलं ते परक्या माणसाकडे बघतात तसं, थोडं संकोचून.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "आमचे हे कुठे गेलेत, तुम्ही पाहिलंत का? घरात कोणीतरी कुलूप घालून गेलंय. कोंबड्या उपाशी आहेत माझ्या. ह्यांना जरा बोलावून द्या ना."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. सायकलवाल्याच्या हातातली कानस तशीच राहिली. मी आहे की इथे, असं म्हणावं तर ती घाबरेल, आणि बोलावून आणतो म्हणावं तर कोणाला आणणार? तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "आणतो हां. तुम्ही आत बसा." आयुष्यात पहिल्यांदा त्याने बायकोला तुम्ही म्हटलं. मागच्या खोलीत जाऊन कुलूप काढलं. ती डबा घेऊन परसात पळाली.

पुढच्या काही दिवसांत कुलूप घातलं की ती भिंतीवरून शेजाऱ्यांना हाका मारू लागली. गल्ली माणुसकीची होती. कोणी शिळा पाव दिला, कोणी मूठभर मका, कोणी कालचं उरलेलं. इतकी वर्षं काकूंनी आपल्याला अंडी दिली, आज त्या कोंबड्यांसाठी दाणे मागतायत तर नाही कसं म्हणायचं? सायकलवाल्याला मग घरोघर जाऊन सांगावं लागलं, की कृपा करून देऊ नका. सांगताना त्याची मान वर होत नव्हती. एकीने तर तोंडावर विचारलंच, काका, काही अडचण असली तर सांगा हो. घरात खायला नाही असा तिचा समज झाला होता. सगळं कारण उलगडून सांगायचं तर बायकोचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं. तो नुसता नको नको म्हणत परत आला.

सकाळची टोपली तर होतीच. तिचा तो रोजचा धक्का सोसवेना म्हणून त्याने बाजारातून तांबूस अंडी आणली आणि ती उठायच्या आधी, चोरासारखा, गवतात ठेवून आला. बायकोने टोपली आणली ती छातीशी धरून. खूश होती. दुपारी तिने ती अंडी नेहमीसारखी भिंतीवरून मास्तरीणबाईंना देऊन टाकली. बाईंना सगळी कल्पना होती. त्या संध्याकाळी पुढच्या दाराने दुकानात आल्या आणि अंड्यांची पिशवी गुपचूप त्याच्या हातात ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी तीच अंडी पुन्हा गवतात. असं करत ती अंडी गल्लीत महिनाभर ये-जा करत राहिली, आणि एक दिवस बाईंच्या ओट्यावर त्यातलं एक फुटलं तेव्हा त्या नाकाला रुमाल लावूनच दुकानात आल्या. दोघंही हसले. खूप दिवसांनी हसले. हसता हसता बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि घरी गेल्या.

काळी मेली ती त्याच सुमारास. आजारी वगैरे काही दिसली नाही, सकाळी खुराड्यात आडवी पडलेली होती. बायकोने तिला मांडीवर घेतलं आणि खूप वेळ रडली. जेवणानंतर ती परसात गेली आणि विचारू लागली, "काळी कुठे दिसत नाही?" त्याने सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली. संध्याकाळी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "असेल इकडेच कुठेतरी." ती अंधार पडेपर्यंत तिला शोधत राहिली आणि तो तिच्यामागून कंदील घेऊन, जी नाही तिला शोधत फिरला.

फोनवर त्याचा आवाज ऐकून मुलगी आली. चार दिवसांची रजा काढून आली होती. पहिल्याच दिवशी तिने सगळं पाहिलं आणि तिला वाटलं ते सरळ सांगितलं. "बाबा, कोंबड्या देऊन टाका. आईला दोन दिवस वाईट वाटेल, मग ती विसरून जाईल."

"तेच तर," सायकलवाला म्हणाला.

मुलगी समजूतदार होती, तिने पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं बाप-लेक परसात उभी राहिली आणि तिच्याच डोक्यातून एक युक्ती निघाली. परसाच्या मधून जाळी घालायची. खुराडं आणि कोंबड्या आतल्या भागात. बायको डबा घेऊन उभी राहते तो भाग बाहेर. जाळी इतकी उंच आणि बारीक की दाणा पलीकडे जाणार नाही. सायकलवाल्याने जुन्या कॅरिअरच्या सळ्या ठोकल्या, मुलीने जाळी ताणून धरली. कोंबड्यांचं मोजून खाणं तो पहाटे आणि संध्याकाळी आतल्या बाजूने घालू लागला. बायको दिवसभर बाहेरून मुठी भरभरून टाकायची, आणि ते दाणे चिमण्या-कबुतरं टिपून न्यायची. ती त्यांना हुसकायची, शिव्या द्यायची, पुन्हा टाकायची. दाणेवाल्याचा धंदा तेवढा चालू राहिला.

मुलगी जाताना बापाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. येत जाईन म्हणाली. आईने तिला दारातून हात हलवला आणि आत येऊन विचारलं, की ही मुलगी कोणाची हो, चांगल्या घरातली दिसते.

कोंबड्या हळूहळू हलक्या झाल्या. दिवसभर माती उकरू लागल्या, भांडखोर पुन्हा भांडू लागली. दिवसही मोठे होत चालले होते. तोवर बायकोचं परसात येणं कमी झालं होतं. आधी डब्याचं झाकण उघडेना, मग डबा हातात घेऊन तो कशासाठी घेतला ते आठवेना, मग ती खिडकीशी बसून राहू लागली. कोणी तिला अडवलं नव्हतं. कुलूप कधीच काढून टाकलेलं होतं. सकाळी तोच म्हणायचा, "चल, कोंबड्या बघायला जाऊ," आणि ती सौम्यपणे म्हणायची, "तुम्ही या जाऊन."

एका सकाळी तो खाणं घालायला गेला तर ठिपक्यांची गवतात बसून होती आणि तिने त्याला बघून जागा सोडली नाही. बायकोने पोट बघायला शिकवलं होतं तसा त्याने हात हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवला. अंडं होतं. गरम, किंचित ओलसर, आणि इतकं लहान की मुठीत लपून गेलं. त्याला कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. भिंतीपलीकडे मास्तरीणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्याने अंडं वर धरून दाखवलं. बाईंनी ओला टॉवेल तसाच हातात धरून मान हलवली.

तो आत आला. बायको खिडकीशी होती. त्याने तिचे दोन्ही हात पुढे घेतले, त्यांत अंडं ठेवलं आणि ते वरून आपल्या हातांनी झाकलं.

"ठिपकीनं दिलं. आपल्याकडे अंडी पुन्हा सुरू झाली."

तिने हात उघडून पाहिलं. बोटाने अंडं फिरवलं. एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. तिचा चेहरा बघत तो वाट पाहत राहिला. ती काहीतरी शोधत होती असं त्याला वाटलं, निदान क्षणभर तरी. मग तिने ते त्याच्याकडे परत केलं, एखाद्याने आपल्याला दाखवायला दिलेली वस्तू जपून परत करावी तसं.

"छान आहे," ती म्हणाली. "ठेवून द्या नीट, फुटेल."

त्याने ते स्वयंपाकघरात वाटीत ठेवलं. पुढच्या खोलीतून कोणीतरी घंटी वाजवत होतं, चाकातली हवा गेली होती आणि माणसाला कामावर जायची घाई होती. सायकलवाला बाहेर गेला, सायकल उलटी केली, टायर उचकटून ट्यूब काढली आणि ती घमेल्यातल्या गार पाण्यात धरून उभा राहिला.